भूर्जाच्या सालीची मूठ

२०१२ साली मी सिंगापूरच्या तुआसला रिपोर्ट केलं. पलटण सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरचे याला नोकरी म्हणतात, मी अजून पोस्टिंग म्हणतो. जहाजदुरुस्तीचं यार्ड, काम सेफ्टी सुपरवायझरचं, राहायला बून ले इथे दोन मल्याळी फिटरांबरोबर एक फ्लॅट. बायको गडहिंग्लजला राहिली, कारण माझे म्हातारे आईवडील आणि गोठ्यातल्या चार म्हशी तिथे होत्या. माझं नाव अनंत देसाई. सुभेदार म्हणून निवृत्त झालो.

इथली मराठी मंडळी मला अनेकदा म्हणाली, देसाईसाहेब, लढाईबद्दल लिहा. लढाईबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एका सुरीबद्दल लिहितो.

तुआसचा दिवस ठरलेला होता. पाच पंधराला उठायचं. सहा वीसला कंपनीची बस. पावणेआठला टूलबॉक्स मीटिंग, म्हणजे कामाआधीच्या सूचना, आमच्या भाषेत फॉल-इन. समोर साठेक माणसं, बांगलादेशी, तमिळ, चिनी, काही ब्रह्मी. हार्नेस, हुक, गॅस टेस्ट, पिण्याचं पाणी. चार गोष्टी, पाच मिनिटं. माणसं माझ्यामागे मला ‘सार्जंट’ म्हणायची. माझी हरकत नव्हती. मी ड्यूटीवर असताना माझ्या डॉकवर एकही माणूस दगावला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. ते माझं काम होतं आणि मी ते नीट केलं.

२०१५च्या अखेरीस एका जहाजाच्या इंजिनाच्या कामावर देखरेख करायला पेक्का नावाचा फिनलंडचा माणूस आला. वय एकसष्ट, उंच, बोलायला कंजूष. त्याच्या देशात पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते. तो सार्जंट होऊन बाहेर पडला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं, पण मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्याने न सांगता हार्नेस बांधला आणि बकलं तपासून घ्यायला माझ्यासमोर सरळ उभा राहिला.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये गेलो. पेक्का बाकावर बसून लाकडाची एक पाचर तासत होता. हातात सुरी होती. पातं माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडं लांब. मूठ तपकिरी, आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा, जशा वहीच्या पानांच्या कडा दिसतात तशा. मी दारातच थांबलो.

“असली सुरी मी पाहिली आहे,” मी म्हणालो.

“कुठे?”

“बर्फात.”

त्याने सुरी माझ्या हातात दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

त्या सुरीला फिनलंडमध्ये पुक्को म्हणतात. शिकारी, लाकूडतोडे, कोळी, सगळ्यांच्या कंबरेला असते. ही पेक्काच्या वडिलांनी केलेली होती. सिंगापुरात असली सुरी कंबरेला लावून रस्त्यावर हिंडता येत नाही. पेक्काने ती आणण्यापूर्वी रीतसर परवानगी घेतली होती आणि वर्कशॉपच्या कुलपाबाहेर ती कधी गेली नाही. हा नियम मला पसंत होता.

शनिवारी एक वाजता काम संपायचं. पुढचे तीन तास आम्ही दोघं वर्कशॉपच्या लोहारकामाच्या कोपऱ्यात थांबायला लागलो. यार्डच्या मॅनेजरची परवानगी मी आधी लेखी घेतली. पेक्का मला पुक्को करायला शिकवत होता. मी शिकायला तयार का झालो, ते त्याने बरेच दिवस विचारलं नाही.

पोलादाची पट्टी तापवायची, ठोकायची, परत तापवायची. पातं मागे जाड आणि धारेकडे दोन्ही बाजूंनी एकाच सरळ उतारानं पातळ होत जातं. आपल्या सुऱ्यांना धारेपाशी दुसरा छोटा उतार असतो, तसा तिला नसतो. त्यामुळे दगडावर धार लावताना तो उतारच हाताला सांगतो, किती तिरकं धरायचं. पातं कडक करायला ते इतकं तापवायचं की लोहचुंबक चिकटेनासा होतो. मग कोमट तेलात बुडवायचं. आता ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ असतं. म्हणून पुन्हा मंद आचेवर दोन तास ठेवायचं, पातं पिवळसर गवताच्या रंगाचं होईपर्यंत. आम्ही त्यासाठी वेल्डिंगच्या कांड्या वाळवायची भट्टी वापरली. पेक्का म्हणाला, माझ्या आजोबांकडे एवढी चांगली भट्टी नव्हती.

माझी पहिली दोन पाती तडकली. त्याने ती उचलून भंगाराच्या पिंपात टाकली. “तिसरं,” म्हणाला.

मूठ भूर्जाच्या सालीची. आपल्याकडे जुन्या पोथ्या लिहायचे ते भूर्जपत्र, त्याच जातीच्या झाडाची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढतो तेव्हा ही साल अलगद सुटून येते, एरवी नाही. पेक्काने घरून एक गठ्ठा आणला होता. सालीचे चौकोनी तुकडे कापायचे, मध्ये भोक पाडायचं आणि पात्याच्या मागच्या टोकात एकावर एक ओवायचे. दीडशेच्या आसपास तुकडे लागतात. मग शिकंज्यात आवळायचे, दोन्हीकडे पितळी टोपण लावायचं, मागचं टोक ठोकून बसवायचं आणि कानशीनं आकार द्यायचा. वर व्हार्निश नाही, रंग नाही. सालीत स्वतःचं तेल असतं. ओली झाली तरी ती हातातून सटकत नाही.

“आणि थंडीत?” मी विचारलं.

“थंडीत म्हणूनच तर,” पेक्का म्हणाला. उणे तीसला लोखंडी मूठ उघड्या हाताने धरली तर कातडी सोलून निघते. साल कधी तेवढी गार होतच नाही. बोटं बधिर झाली तरी मुठीचा मागचा फुगवटा तळहाताला सांगतो की सुरी हातात आहे.

मी कानस खाली ठेवली. त्या दिवशी मी पेक्काला मारुती सुतारबद्दल सांगितलं.

हवालदार मारुती सुतार हा आमच्याच तालुक्यातला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. परेडवर मी त्याला हवालदार म्हणायचो, एरवी दादा. घरचा धंदा सुतारकामाचा. हत्याराची त्याला फार जाण. एकदा परदेशी गिर्यारोहकांच्या तुकडीबरोबर त्याला महिनाभर ड्यूटी लागली होती. त्यांच्यातल्या एकाच्या खोक्याचं तुटलेलं झाकण त्याने पायाखाली फळी दाबून अर्ध्या तासात नवं करून दिलं. त्या माणसाने जाताना आपली सुरी मारुतीला दिली. सालीची मूठ असलेली, पेक्काच्या सुरीसारखीच. मारुती ती कातड्याच्या म्यानात घालून गळ्यात अडकवायचा. सुट्टीवर गेला की तिनेच ऊस सोलायचा. आम्हाला मिळालेल्या जॅक नाईफला, म्हणजे घडीच्या चाकूला, तो हसायचा. “हातमोजे घालून उघडून दाखव, मग चाकू म्हणतो,” असं म्हणायचा.

१९९७च्या फेब्रुवारीत तो गेला. कसा गेला ते पेक्काला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ आपल्या सुरीची मूठ अंगठ्याने चोळत राहिला. पलटण सोडल्यावर मी ते पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. पण ती गोष्ट सांगायचं खरं ठिकाण वर्कशॉप नव्हतं. हे मला पुढच्याच महिन्यात कळलं.

मारुतीची मुलगी वैशाली. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांची होती. शिकत गेली, पुण्यात पीएच.डी. केली आणि २०१५मध्ये सिंगापूरला वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत संशोधक म्हणून आली. धागे आणि प्लास्टिक कसं तुटतं याचा अभ्यास करायची. तिच्या आईने, म्हणजे सुमनवहिनींनी, मला फोन करून कळवलं होतं. मी वैशालीला दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा ती काही ना काही कारण सांगून आली नाही. मी समजलो, नवीन नोकरी आहे.

२०१६च्या मे महिन्यात, एका रविवारी, तिचाच फोन आला. सकाळी दहाला आम्ही बून लेच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या मोठ्या शेडमध्ये, भेटलो. मी दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या. तिने कपाला हात लावला नाही. पिशवीतून एक पारदर्शक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत हातभर दोर होता. नायलॉनचा, एका टोकाला काळी टेप गुंडाळलेला. मी लगेच ओळखला. तो मीच मारुतीच्या पेटीतून घरी पाठवला होता.

ती हळू पण स्पष्ट बोलली. मागच्या वर्षी एका रिकाम्या दुपारी तिने तो दोर प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली पाहिला होता. नायलॉनचा धागा झटक्याने तुटला तर उष्णतेनं त्याचं टोक वितळतं आणि छत्रीसारखं फुगतं. कापला तर टोक सपाट राहतं. टेप नसलेल्या टोकाचे जवळजवळ सगळे धागे सपाट होते.

“काका, तुम्ही आम्हाला सांगितलं होतं की दोर तुटला. तो तुटलेला नाही.”

“नाही.”

“दोरावर तुम्ही दोघंच होता.”

“हो.”

पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निघत नव्हता. गेले वर्षभर ती माझ्याकडे का आली नाही, ते मला कळलं. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण राग धरण्याची ती वेळ नव्हती.

“विचार,” मी म्हणालो.

“तुम्ही कापला का?”

“नाही. तुझ्या बाबांनी कापला.”

मग मी तिला सगळं सांगितलं. तिला सांगितलं तसंच इथे लिहितो.

आमची पोस्ट एका हिमनदीवर होती. रोजचं काम म्हणजे पुढच्या पोस्टपर्यंतची वाट तपासायची. वाटेवर बांबूला लाल फडकी बांधलेली असायची. बर्फ सरकतो, फडकी हलतात, ती परत नीट लावायची. दोरावर तीन जण जायचे. त्या दिवशी तिसऱ्याला ताप होता, म्हणून आम्ही दोघंच निघालो. आठ दहाला पोस्ट सोडली. पुढे मारुती, मागे बारा मीटरवर मी. ऊन होतं, वारा नव्हता. वाट रोजची होती.

नऊ बत्तीसला मारुतीच्या पायाखालचा बर्फ गेला. खाली क्रेव्हास होती, हिमनदीतली खोल फट, वरून ताज्या बर्फाने झाकलेली. आवाज झाला नाही. माणूस दिसत होता आणि मग नव्हता. दोराने मला पालथं पाडलं आणि ओढत नेलं. मी आइस-ॲक्स दोन्ही हातांनी खाली रोवली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. थांबलो तेव्हा फटीचा काठ माझ्यापासून दोन हातांवर होता. हात काढला असता तर दोघंही गेलो असतो. वायरलेस माझ्याच छातीवर होता, पण हात मोकळा नव्हता. जॅक नाईफ खिशात होता. तो एका हातानं उघडत नाही आणि मला एकही हात नव्हता.

खालून मारुतीचा आवाज आला. शांत होता.

“अनंता, लागलंय का?”

“नाही. तुम्हाला?”

“पाय गेलाय. भिंत लांब आहे, हात पोचत नाही. तू सरकतोयस का?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस. दोर खाली येतोय.”

तो बरोबर होता. ॲक्स बर्फ कापत होती, बोट-बोट. त्याला खाली ते दोरावरून कळत होतं. मी म्हणालो, दहा मिनिटं धरतो, पोस्टवरून कुणीतरी बघेल. पोस्टवरून ती जागा दिसत नव्हती. हे त्यालाही माहीत होतं.

मग तो म्हणाला, “इथे फडकं लाव. दोन बांबू, आडवे. उद्या दुसरी पार्टी यायची आहे.”

“दादा, थांबा.”

“ऑर्डर आहे, अनंता.”

आणि दोर हलका झाला.

मी काठापर्यंत रांगत गेलो. पंधराएक मीटर खाली बर्फाच्या एका कडेवर त्याचा उजवा हातमोजा पडलेला होता. त्याखाली निळा अंधार होता. मी हाका मारल्या. मग वायरलेस उघडला. ‘लिंक टू’ हे त्यावरचं आमच्या दोराचं नाव.

“कंट्रोल, लिंक टू. एक जण क्रेव्हासमध्ये. दोर रिकामा. ओव्हर.”

“लिंक टू, दोर रिकामा म्हणजे काय? ओव्हर.”

“कापला. हवालदार सुतारने स्वतः. ओव्हर.”

“वेळ?”

“शून्य नऊ चव्वेचाळीस.”

मदत यायच्या आधी मी दोन बांबू आडवे लावले.

दोन दिवस शोध चालला. आमच्या सगळ्यात लांब दोराला तळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी हिमवादळ आलं आणि मेजरसाहेबांनी शोध थांबवला. घरी पाठवायला शरीर नव्हतं. मी माझ्या बाजूच्या दोराचं शेवटचं हातभर टोक जॅक नाईफने कापलं, मी कापलेल्या बाजूला टेप लावली आणि त्याच्या पेटीत ठेवलं. त्याचं शेवटचं काम त्या टोकावर होतं. दुसरं काय पाठवणार?

मेजरसाहेबांच्या चौकशीत मी सगळं खरं सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं. घरी जायचं काम मी मागून घेतलं. मेजरसाहेबांनी विचारलं, घरच्यांना काय सांगशील? मी म्हणालो, दोर तुटला म्हणून सांगतो. ‘मारुतीने स्वतः दोर कापला’ एवढंच गावात फिरलं असतं. का कापला, कोणासाठी कापला, ते मागेच राहिलं असतं. विहिरीवर, पारावर कुणी काय शब्द वापरला असता ते मला माहीत होतं. तो शब्द वहिनींच्या कानावर पडू द्यायचा नव्हता. मेजरसाहेब म्हणाले, “कागदावर खरं आहे. घरचं तू ठरव.” मी ठरवलं. चूक की बरोबर, ते माझ्यावर.

कोपी गार झाली होती. शेवटी वैशाली म्हणाली, “काका, मला तुमच्यावर विश्वास ठेवायचा आहे.”

“विश्वास ठेवू नकोस, तपास,” मी म्हणालो. “टेपखालचं टोक बघितलंस का?”

तिने नाही म्हणून मान हलवली. टेप काकांनी लावली आहे म्हणून ती काढली नव्हती.

मग मी तिला पेक्काबद्दल सांगितलं. मारुतीची सुरी आणि माझा जॅक नाईफ ही दोन वेगळ्या जातीची पाती होती. एका दोराची दोन टोकं, दोन चाकूंची. काय निघणार याची मला शंका नव्हती. पण ते तिने स्वतः पाहायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी ती तुआसला आली. मी तिचा व्हिजिटर पास काढला, हेल्मेट आणि सेफ्टी शूज दिले आणि कामाचं परमिट भरलं: दोराची चाचणी, वजन पंच्याऐंशी किलो. तसाच नायलॉनचा दोर बचावाच्या किटमधून बाद झालेला होता. जॅक नाईफ मी बीच रोडच्या आर्मी मार्केटमधून आणला होता, आमच्या जुन्या चाकूसारखा. पेक्काने आपली सुरी कुलपातून काढली. वैशालीने ती हातात घेतली, मुठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बाबांच्या सुरीला इथे एक खाच होती. मी दगडावर आपटली होती.” तेवढंच.

पहिला काप सैल दोरावर, जॅक नाईफने, मी केला. पोस्टवर केला होता तसा. करवतीसारखा पाच-सहा वेळा घासावा लागला. दुसरा काप ताणलेल्या दोरावर, वाळूच्या पोत्यांचं वजन लटकवून, जॅक नाईफनेच. दोन-तीनदा घासल्यावर उरलेले धागे ताणाने फाटले. टोक पायऱ्यापायऱ्यांचं झालं.

तिसरा काप पेक्काने केला. तो वजनाच्या शेजारी खाली उभा राहिला, डावा हात मागे घेतला आणि उजवा डोक्यावर नेला. लटकलेला माणूस असाच कापेल, म्हणाला. उजव्या हाताचा मोजाही त्याने काढला होता. मी त्याला मोज्याबद्दल सांगितलं होतं ते त्याच्या लक्षात होतं.

एकच ओढ. दोर गेला. पोती खालच्या गादीवर आदळली.

वैशाली जवळच्या खोक्यावर बसली. पेक्का तिच्याकडे न बघता पातं पुसत राहिला. मग तो इंग्रजीत म्हणाला, “तुझ्या वडिलांच्या हातात चांगलं हत्यार होतं आणि त्यांना ते चालवता येत होतं. त्यांना जास्त वेळ लागला नाही.” मी पेक्काला ओळखत होतो तेवढ्या काळातलं त्याचं हे सगळ्यात लांब बोलणं.

तिन्ही नमुने तिने चिठ्ठ्या लावून पाकिटात भरले.

त्या शनिवारी आम्ही लवकर निघालो नाही. माझं तिसरं पातं तोपर्यंत तयार होतं, सालही निम्मी ओवून झाली होती. वैशाली बाकावर बसली आणि उरलेली साल तिने ओवली. पेक्काने तिला एकदाच दाखवलं. एक तुकडा उभा, एक आडवा, म्हणजे मूठ तडकत नाही. तिची बोटं सुताराची आहेत, हे मी तेव्हा पाहिलं.

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी डॉकवर असताना तिचा मेसेज आला. चार फोटो होते आणि खाली मराठीत लिहिलेलं: ‘टेपखालचं टोक सैल दोरावर जॅक नाईफने कापलेलं. उघडं टोक ताणलेल्या दोरावर एका ओढीत कापलेलं, पेक्कांच्या सुरीसारखं. शेवटचे थोडे धागे फुगीर आहेत, कारण भार होता.’ तो रिपोर्ट होता. चांगला होता. मी ‘मिळाला’ असं उत्तर पाठवलं.

संध्याकाळी ती बून लेला माझ्या फ्लॅटवर आली. दारातच म्हणाली, “तुम्ही कापला असता तर तुम्ही तो दोर घरी पाठवलाच नसता. एवढं मला मायक्रोस्कोपशिवाय कळायला हवं होतं.”

“नऊ वर्षांची होतीस तू,” मी म्हणालो.

“आता अठ्ठावीसची आहे.”

मी भात लावला होता. दोघं मल्याळी फिटर, ती आणि मी जेवलो. जेवताना तिने मारुतीबद्दल विचारायला सुरुवात केली. तो परेडला कसा चालायचा, चहा किती गोड घ्यायचा, गाणं म्हणायचा का. म्हणायचा, वाईट म्हणायचा. मला माहीत होतं ते सगळं सांगितलं.

एक काम राहिलं होतं. सुमनवहिनींना सांगायचं. असं फोनवर सांगू नये, दिवाळीत गावी जाऊन समोर बसून सांगू, असं माझं मत होतं. वैशाली म्हणाली, एकोणीस वर्षं थांबलोय, आता आणखी सहा महिने नको. तिचं बरोबर होतं. शनिवारी मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बुओना व्हिस्टाला तिच्या फ्लॅटवर गेलो. इथे संध्याकाळचे साडेसहा, तिकडे चार. वहिनी त्या वेळी घरी असतात.

मी आधी नाव सांगितलं, मग सगळं सांगितलं, वेळेसकट. काही वगळलं नाही. दोर तुटला असं मीच सांगितलं होतं, ते माझं खोटं होतं, त्याची माफी मागितली. फोन स्पीकरवर होता. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे त्या परड्यात उभ्या होत्या. वैशालीने माझ्या बाहीला धरलं होतं.

वहिनी म्हणाल्या, “त्यांनीच कापला?”

“हो वहिनी.”

“हात थरथरला नसेल.”

“नाही. एका ओढीत कापलाय. वैशालीने तपासलं.”

“मग भावजी, मी उगाच त्या दोराला शिव्या घातल्या एवढी वर्षं. वाटायचं, सरकारने जुना दोर दिला, कुजका दिला, म्हणून माझा माणूस गेला.” त्या पुढे म्हणाल्या, “दोर चांगला होता म्हणायचा.”

“चांगला होता.”

“आणि तुमची पोरं किती आता?”

“दोन. थोरला कॉलेजात आहे.”

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी केलं ते कामी आलं.”

पुढच्या वर्षी पेक्काचं जहाज पाण्यात उतरलं आणि तो घरी गेला. वैशालीने साल ओवलेली सुरी मी रीतसर कागद करून गावी पोचवली. ती वहिनींच्या स्वयंपाकघरात आहे. देव्हाऱ्यात ठेवायची का असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हत्यार आहे, वापरलं नाही तर गंजेल.

मारुतीच्या नावाचं कुठे स्मारक नाही. शरीर सापडलं नाही, म्हणून समाधीही नाही. तेव्हा इथे लिहून ठेवतो. हवालदार मारुती सुतार, वय छत्तीस, राहणार गडहिंग्लज तालुका. शून्य नऊ चव्वेचाळीसच्या आधी काही क्षण, उजव्या हाताचा मोजा काढून, शुद्धीवर असताना, ऑर्डर देऊन गेला. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. आज माझं वय त्याला कधी मिळालं नाही एवढं झालं आहे, आणि तरी त्याचं नाव घेताना मी मनातल्या मनात अजून सावधान उभा राहतो.